ल्वारकाठी सायकल: चौदा दिवस, दोन बहिणी, सल्ला हवा

दोनचाकी (धागाकर्ती) | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी पुण्याची, वय ४९. बरोबर मावसबहीण, वय ५५ (तिला सगळे ताईच म्हणतात, इथेही ताईच म्हणू). सहा वर्षं दर रविवारी सायकल हाणतोय. पानशेत, भोर, वाई नेहमीचं, आणि एकदा सहा दिवसांत पुणे-गोवा. आता फ्रान्स डोक्यात बसलंय. शहरं नकोत, पॅरिस तर अजिबात नको, खेडोपाडी फिरायचंय.

जूनच्या सुरुवातीला १४ दिवस आहेत. बेत असा: ऑर्लेआंहून ल्वार नदीच्या काठाने नांत आणि पुढे समुद्र, मग ट्रेनने तुलूझ, तिथून मिदी कालव्याच्या काठाने सेत, आणि जमलं तर मों व्हांतूचा घाट. रोज ९०-१०० किमी धरलेत.

प्रश्न: सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? ताई शाकाहारी आहे (अंडं चालतं), तिचं काय होईल? आणि बेत बरा वाटतोय का?

---

खवचट_काका | ११ जानेवारी, रात्री १०:४१

व्हांतू "जमलं तर"! जमलं तर एव्हरेस्टही करून या, परतीच्या वाटेवरच पडेल.

---

घाटमाथा | ११ जानेवारी, रात्री ११:०५

काका, पहिलाच धागा आहे त्यांचा, जरा दमानं.

पण दोनचाकी, काकांचं अगदीच चूक नाही. बेद्वां गावातून वर जायला २१ किमी आणि चढण साधारण १६०० मीटर. डोणज्यातून सिंहगड चढता ना? तसे पावणेतीन सिंहगड एकावर एक. शेवटचे सहा किमी नुसता पांढरा खडक, झाडाचं पान नाही आणि वारा असा की माणूस सायकलसकट आडवा. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू तिथेच कोसळून गेला. त्याचं स्मारक रस्त्यालगत आहे, येणारे-जाणारे तिथे पाण्याच्या बाटल्या नि टोप्या ठेवतात. सामान लादलेल्या सायकलीवर हे "जमलं तर" होत नाही. त्यासाठी वेगळी वारी काढा.

---

तूरवासी | १२ जानेवारी, पहाटे २:३०

(इथे रात्रीचे दहाच वाजलेत, भूत समजू नका.)

मी नऊ वर्षं तूर गावात राहतो. तूर, म्हणजे डाळ नव्हे, ल्वारकाठचं शहर. त्यामुळे हा धागा माझ्या अंगणातला आहे, जरा लांबण लावतो.

तुमचा बेत दोन महिन्यांचा आहे, चौदा दिवसांचा नाही. ल्वारकाठचा आखलेला मार्ग नव्हेरजवळच्या कुफी गावापासून समुद्रावरच्या सां-ब्रेव्हांपर्यंत सुमारे ९०० किमी. कालव्याचे आणखी २४०. पुणे-गोवा करणाऱ्या माणसाला हे अंतर अवघड नाही. अडचण अशी की इथे रस्ता सपाट म्हणून अंतर फार पटकन कापलं जातं, आणि कापायचं नसतं. पहिल्या वर्षी मी तूर ते नांत तीन दिवसांत केलं. आता कोणी विचारलं तर मला फक्त माझ्या पुढच्या चाकाचं टायर आठवतं.

म्हणून माझं ऐका. आंजे ते ऑर्लेआं एवढंच करा. सरळ धरलं तर तीनशेच्या आसपास. दहा दिवस घ्या. उरलेले दिवस पावसाला, पायांना आणि विमानाला.

आणि हो, आंजेकडून ऑर्लेआंकडे, उलटं नाही. सगळी माहितीपत्रकं नदीच्या ओघाबरोबर, म्हणजे पश्चिमेकडे जायला सांगतात. पण इथला वारा बहुतेक दिवस समुद्राकडून येतो. नदीचा उतार तुम्हाला कळणारसुद्धा नाही, समोरचा वारा मात्र दिवसभर कळेल. बंधाऱ्यावरून वाट जाते ना, तिथे आडोसा म्हणून काही नसतं.

सायकल आणू नका. या मार्गावर एका गावात सायकल घेऊन दुसऱ्या गावात सोडायची सोय आहे, मागच्या पिशव्यांसकट. टीजीव्हीत, म्हणजे इथल्या अतिवेगवान रेल्वेत, अख्खी सायकल न्यायची तर बहुतेक गाड्यांत चालत नाही. सुटी करून पिशवीत भरायची आणि पिशवी १३० बाय ९० सेंटीमीटरमध्ये बसवायची. विमानातून उतरून, झोप नसताना, स्टेशनवर बसून पाना चालवायची हौस असेल तर आणा. साध्या प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते, उन्हाळ्यात ऑर्लेआं-नांत दरम्यानच्या काही गाड्यांना तर सायकलींचा मोठा डबाच असतो. पाय दुखले की दोन स्टेशनं रेल्वेने जा, कोणी बघत नाही.

---

पंक्चरवाला | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

भाड्याची सायकल घ्या, पण सीट स्वतःचं न्या. चाळीस किमीनंतर परक्या सीटवर देव आठवतात. एक षटकोनी पाना नि दहा मिनिटं, बस्स. माझं सीट माझ्याबरोबर तीन देश फिरलंय.

---

दोनचाकी | १२ जानेवारी, सकाळी ९:००

पंक्चरवाला, हे वाचून ताई म्हणाली, "हा माणूस माझा भाऊ शोभतो." तिचं चामड्याचं सीट आहे, चार वर्षं मुरवलेलं. ते येणार म्हणजे येणार.

तूरवासी, तीनशे म्हणजे फारच कमी नाही का? एवढा तिकिटाचा खर्च करून?

---

बीआरएमग्रस्त | १२ जानेवारी, दुपारी १:२०

दोनचाकी, कमी-जास्तचं मला विचारा. मी २०१९ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली. १२०० किमी, ९० तास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८९१ पासूनची राईड आहे, आता चार वर्षांतून एकदा होते. आधी २००, ३००, ४०० आणि ६०० च्या राईड पार केल्या तरच प्रवेश. पुण्या-मुंबईतून, नाशिकमधून बरीच मंडळी जाऊन आलीत, तुमच्या सोसायटीतही एखादा निघेल.

आता खरं सांगतो. ब्रिटनी (ब्रेस्टकडचा प्रांत) कशी आहे विचाराल तर पुढच्याचा लाल दिवा, एवढीच. ब्रेस्टकडे जाताना समोरून वारा, रात्री हाडं गोठवणारी थंडी. ऑगस्टात! पण लोक... रात्री दोन वाजता एका गावात घरासमोर टेबल मांडून आजोबा-आजी बसलेले. कॉफी, पाणी, केक. पैसे घेत नाहीत. तुमच्या गावाहून पत्र पाठवा म्हणतात. व्हिलेन-ला-ज्युएलला तर शाळकरी पोरं तुमच्या जेवणाचा ट्रे उचलून टेबलापर्यंत नेऊन देतात, कारण आपल्याला धड चालताही येत नसतं. मी तिथे रडलो होतो. झोप नव्हती म्हणून, असं घरी सांगितलंय.

त्या गावांतून पुन्हा एकदा दिवसाउजेडी जायचंय मला. तूरवासींचं ऐका.

---

कालवाकाठी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

सगळे ल्वार ल्वार करताहेत म्हणून तुलूझवाल्यांतर्फे निषेध नोंदवते. (विमानांच्या नोकरीमुळे इथे मराठी घरं बऱ्यापैकी आहेत, गणपतीत मोदक मिळतात.)

मिदी कालव्याची मजा नदीला नाही. पिएर-पॉल रिके नावाचा माणूस, काम मिठाचा कर गोळा करण्याचं. त्याने १६६६ ते १६८१ मध्ये हा कालवा खोदवला, स्वतःचे पैसे घातले, कर्जात बुडाला आणि कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी वारला. खरा प्रश्न होता माथ्यावर पाणी आणायचं कसं. त्याने डोंगरातले ओढे वळवून नोरूझच्या खिंडीत आणले. तिथे उभं राहिलं की पाणी दोन्हीकडे जाताना दिसतं, एक वाट अटलांटिकची आणि एक भूमध्य समुद्राची. आजही त्याच पाण्यावर कालवा चालतो. बोटी चढवण्या-उतरवण्याची लॉकंही अंड्याच्या आकाराची आहेत, बाजूच्या मातीचा दाब सोसावा म्हणून. बेझिएजवळ फोंसेरानला तर ती जिन्यासारखी एकाला एक लागून आहेत. एक बोट जायला किती वेळ लागतो ते बघत मी सबंध दुपार काढली आहे.

पण प्रामाणिकपणे दोन वाईट गोष्टी. डांबरी वाट तुलूझपासून पन्नासेक किमीच. पुढे ओद जिल्हा लागला की मातीची वाट, काही टप्पे आता सुधारलेत, काही ठिकाणी मुळं आणि खडे, रुंद टायर हवेत. आणि सावली. फोटोत जी प्लेन नावाच्या झाडांची कमान दिसते ती बरीच गेली. २००६ मध्ये झाडांना बुरशीचा रोग दिसला, तेव्हापासून हजारोंनी तोडावी लागली. बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून आली असं मानतात. नवी झाडं लावताहेत, पण सावली पडायला आपण नसू. जुलैमध्ये तर मुळीच येऊ नका.

---

खवचट_काका | १२ जानेवारी, रात्री ८:०२

सगळ्यांनी आपापलं अंगण झाडून दाखवलं. बोर्दो, बरगंडीवाले कोणी?

---

निम्मी | १२ जानेवारी, रात्री ८:३०

बरगंडी: झिव्री ते क्लूनी. जुना लोहमार्ग उखडून केलेली वाट, १९९७ ची, फ्रान्समधली अशी पहिली. ४४ किमी, गाड्यांचं नाव नाही. मुलं बरोबर असतील तर यासारखं दुसरं नाही. आमचा धाकटा आठ वर्षांचा होता, जुन्या स्टेशनांवर थांबत थांबत दोन दिवसांत केलं. (तिथे बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे.)

बाकी तूरवासींना +१.

---

एरंडोलकर | १३ जानेवारी, सकाळी ७:१०

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. धागा जपून ठेवावा असा होतोय.

---

दोनचाकी | १३ जानेवारी, रात्री ९:५०

काल ताई आणि मी नकाशा घेऊन बसलो. भांडण झालं. ती म्हणाली, "पुणे-गोव्यात तू मला एकाही देवळात थांबू दिलं नाहीस." खरं आहे. ठरलं तर: आंजे ते ऑर्लेआं. व्हांतू आणि कालवा रद्द, तुलूझकरांची क्षमा.

आता शाकाहाराचं बोला. आणि रात्री राहायचं काय? तंबू न्यायचा विचार आहे.

---

तूरवासी | १४ जानेवारी, पहाटे १:४५

तंबू आणाच. इथे गावोगावी नगरपालिकेची कॅम्पिंगं आहेत, बहुतेक नदीला लागूनच. चालत किंवा सायकलने येणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी वेगळा, कमी दर असतो. मात्र व्हिसासाठी कुठल्या रात्री कुठे हे लेखी दाखवावं लागतं, आणि ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. तेव्हा मुक्काम आधी ठरवून टाका.

गॅसची एक गोम: आपल्याकडचा आट्यांचा बर्नर असेल तर खेड्यातल्या दुकानातला सिलिंडर त्याला बसेलच असं नाही. तिथे चाप लावून बसवायचे मिळतात. आट्यांचे डबे मोठ्या खेळसाहित्याच्या दुकानात, म्हणजे आंजेमध्येच घेऊन निघा.

ताईंचं जेवण. खेड्यात "शाकाहारी" म्हटलं की मासे पुढे येतात. "मांस नको, मासे नकोत" असं दोन्ही म्हणायचं. हिरवं सॅलड मागवलं तरी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असू शकतात, त्यांना लार्दों म्हणतात. हा शब्द पाठ करा. शेळीच्या दुधाच्या चीजचा मात्र हा मुलूखच. सेंत-मोर नावाचं लांबोडकं चीज मिळतं, त्याच्या पोटातून गवताची काडी आरपार गेलेली असते. ताईंना सांगा, ती केर नव्हे. शिवाय सोम्यूरच्या बाजूला फुए. लाकडाच्या भट्टीत टाकलेली छोटी पोळी, फुलक्यासारखी टम्म फुगते, कापून आत लसणाचं लोणी नाहीतर पांढऱ्या घेवड्याचं उकडलेलं भरतात. मांसाचंही भरतात, तेवढं बघून घ्या.

आणि हे कागदावर लिहून सायकलला चिकटवा: रविवारी दुपारनंतर दुकानं बंद. सोमवारीही बरीच बंद. जेवण बारा ते दीड, दोन वाजता गेलात तर स्वयंपाकी घरी गेलेला असतो. शनिवारीच दोन दिवसांचा शिधा भरायचा.

---

बीआरएमग्रस्त | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

"भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या." हे माझं नाही, पॉल द व्हिव्ही उर्फ व्हेलोसिओ या सेंत-एतिएनच्या गृहस्थाचं. शंभरेक वर्षं झाली, तेव्हा शर्यतवाले गिअरला हसत आणि हा डोंगरात गिअर लावून फिरे. फ्रान्समध्ये सायकलने भटकणारे त्याला गुरू मानतात. तुमच्या बाबतीत त्यात भर: "दुकान बंद व्हायच्या आधी घ्या."

---

घाटमाथा | १४ जानेवारी, सकाळी १०:००

पाण्याचं कोणी बोललं नाही. वाटेत नळ न दिसल्यास गावचं कब्रस्तान शोधा. चेष्टा नाही. फुलांना घालायला तिथे नळ असतोच. फक्त "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी नाही ना, ते बघायचं.

शिवाय कागदी नकाशा घ्या, मिशेलिनचा. ज्या रस्त्याला हिरवी किनार असेल तो देखणा. पिवळे आणि पांढरे रस्ते आपले, लाल मोटारींचे. गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, वेगळं सांगणारी पाटी नसेल तर. आपल्या सवयीने घुसू नका.

---

खवचट_काका | १४ जानेवारी, सकाळी १०:०९

कब्रस्तानात पाणी भरणाऱ्या दोन पुणेरी बायका. फोटो टाका.

---

दोनचाकी | २४ जून, रात्री ११:३०

आलो! हातीपायी धड. एवढा सल्ला दिलात म्हणून वृत्तांत लिहितेय, पण सगळं नाही लिहिणार, थोडंच.

मीटरवर ३४१ किमी, त्यातले तीसेक वाट चुकल्याचे. वारा तूरवासींनी सांगितल्याप्रमाणे पाठीवर, एक दिवस सोडून. त्या दिवशी समोरून येणारी सगळी माणसं हसत होती, तेव्हा कळलं रोज आपण कसे दिसत असू.

सोम्यूरच्या अलीकडे-पलीकडे सगळी घरं पांढऱ्या दगडाची. तो दगड जिथून काढला त्या खाणींतही माणसं राहतात. डोंगराच्या पोटात दार, खिडकी, पडदा आणि वर चुनखडीतून थेट धुराडं बाहेर. सूझे गावात तर सायकलची वाटच एका बोगद्यासारख्या जुन्या गल्लीतून जाते. बाहेर बत्तीस डिग्री, आत एकदम माठातल्या पाण्याचा वास. ताई उतरली आणि पंधरा मिनिटं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी काही बोलले नाही. (शिकतेय.)

कांद-सां-मार्तांला दोन नद्या मिळतात, व्हिएन आणि ल्वार. दोन दिवस तिथल्याच परिसरात काढले, काहीही न करता. नदी रुंद आहे पण मधोमध वाळूची बेटं, पाणी उथळ. वाटतं, ही कसली पूर आणणार. मग घरांच्या भिंतींवर कोरलेल्या रेघा दिसल्या, १८५६ ची माझ्या डोक्याच्या वर. ताईचं माहेर सांगलीचं. तिने रेघेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडे २०१९ ची इथवर होती," आणि स्वतःच्या खांद्याला हात लावला. तिथे एक बाई कुंडीला पाणी घालत होत्या. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण खांद्याला लावलेला हात त्यांना कळला. आत जाऊन चेरीचा द्रोण भरून आणला.

शांबोर पाहिलं. १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने शिकारीसाठी बांधायला काढलेला महाल. मधला जिना दोन पदरी आहे, एकीने एकीकडून चढायचं, दुसरीने दुसरीकडून, खिडकीतून एकमेकींना दिसतो पण भेट होत नाही. आम्ही तीनदा केलं. महालापेक्षा मला तिथपर्यंतची जंगलातली वाट आवडली, पण हे माझं मत.

फुए! ताईने सात खाल्ल्या. भट्टीवाल्याने फुगताना बघायला आत बोलावलं, तर ही त्याला खुणेने सांगतेय की उलथायला उशीर करतोयस.

फजितीही झाली. सगळं पाठ करून जाऊनही पहिल्या सोमवारी अडकलो. शनिवारी आणलेला शिधा रविवारीच संपवला होता. जवळ कुसकुस, मेतकूट आणि एक कांदा. कुसकुसला नुसतं उकळतं पाणी लागतं, तेव्हा मोहरी-हिंगाची फोडणी करून त्याचा उपमा केला. शेजारच्या तंबूतले डच आजोबा वासाने आले, ताटली घेऊनच.

काका, कब्रस्तानात पाणी भरलं. चार वेळा. फोटो काढला नाही, तिथे काढावासा वाटला नाही.

---

एरंडोलकर | २५ जून, सकाळी ७:००

द्रोणभर चेरी... वा. एवढं थोडकं नका लिहू, पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

---

बीआरएमग्रस्त | २५ जून, सकाळी ७:४५

३४१ किमी, दहा दिवस. जळलो.

---

पंक्चरवाला | २५ जून, सकाळी ९:३०

आणि सीट? त्याचं कोणी काही बोलतच नाही.

---

दोनचाकी | २५ जून, सकाळी ९:५२

ते विचारू नका. ऑर्लेआंला शेवटच्या दिवशी गाडी गाठायची घाई, सायकली दुकानात दिल्या, पावती घेतली, निघालो. विमान उडाल्यावर ताई म्हणाली, "माझं सीट." चार वर्षं मुरवलेलं सीट कोणातरी जर्मन माणसाच्या बुडाखाली ल्वारकाठी फिरत असणार. घरी तो विषय बंद आहे.

---

तूरवासी | २५ जून, दुपारी ४:१०

अहो, मग सांगायचं नाही का! ऑर्लेआं मला रेल्वेने तासा-सव्वातासावर. दिवाळीत पुण्याला येतोच आहे, घेऊन येईन. दुकानाचं नाव आणि पावतीचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आज शनिवार, दुपारनंतर जाण्यात अर्थ नाही. उद्या रविवार, परवा सोमवार. मंगळवारी जातो.